वाचकांचे प्रश्न: आधी ते शांत कुठे बसेल ते शोधा

मागच्या अंकात सरल आवर्त गतीवर, म्हणजे झोपाळा किंवा स्प्रिंगचं वजन मधल्या जागेभोवती पुढेमागे हलतं त्या गतीवर, प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि खरंच खूप पत्रं आली, मुलांची तर आलीच पण आईवडिलांची आणि आजोबांचीही आली. सगळी छापता येणार नाहीत, म्हणून ज्या प्रश्नांत बऱ्याच जणांचं घोडं अडलंय ते घेतलेत. आकडे मराठीत आणि सूत्रं शब्दांत लिहिलीत, मोठ्याने वाचलंत तर लवकर समजतील.

प्रश्न: सर, एका गणितात स्प्रिंगला अर्धा किलोचं वजन लटकवल्यावर ती ४ सेंटीमीटर ताणली जाते, मग वजन अजून ३ सेंटीमीटर खाली ओढून सोडायचं, टाइम पिरियड (एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि मॅक्सिमम वेग काढा. मी अँप्लिट्यूड ७ घेतला, एनर्जीने वेग काढला, सेकंदाला १.१ मीटर आला. पुस्तकात ०.४७ आहे. पुस्तक चुकलंय का? (अकरावी सायन्स, मांजलपूर)

पुस्तक बरोबर आहे बेटा, पण तुझी चूक अशी आहे की ती एकदा नीट समजली की या धड्यातली निम्मी गणितं आपोआप सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू ७ कुठून मोजलेस? स्प्रिंग मोकळी होती तिथून. पण वजन काही स्प्रिंगच्या मोकळ्या टोकाभोवती हलत नाहीये, ते हलतंय जिथे गुपचूप लटकून राहिलं असतं त्या जागेभोवती, म्हणजे ४ सेंटीमीटर खालच्या जागेभोवती. तिला मीन पोझिशन म्हणतात, मी वर्गात तिला वजनाचं घर म्हणतो. अँप्लिट्यूड, म्हणजे टोकापर्यंतचं अंतर, नेहमी घरापासून मोजायचा. घरापासून तू ओढलंस किती? ३. संपलं, अँप्लिट्यूड ३.

आता हे नुसतं मानून घेऊ नकोस, बळं मांडून बघ. स्प्रिंग दर सेंटीमीटरला एक के एवढं ओढते असं धर. घरी असताना ती ४ ताणलेली, म्हणजे वर ४ के, आणि वजन तिथे शांत आहे म्हणजे खाली ओढणारं वजनही ४ केच. आता सगळ्यात खाली, ७ वर, स्प्रिंग वर ओढते ७ के, वजन खाली ४ के, उरले ३ के वर. सगळ्यात वर गेल्यावर स्प्रिंग फक्त १ ताणलेली, म्हणजे वर १ के, खाली ४ के, उरले ३ के खाली. बघितलंस ना, दोन्ही टोकांना सारखेच ३ के आणि दोन्ही वेळा घराच्या दिशेने. म्हणजे घरापासून मोजलं की वजनाचं बळ हिशोबातून आपोआप निघून जातं आणि उरतं फक्त मायनस के गुणिले एक्स (एक्स म्हणजे घरापासूनचं अंतर). तो मायनस म्हणजे हेच, की बळ घराकडे परत नेतंय. परीक्षेत तो मायनस लिहायला विसरू नका, सगळी गती त्याच्यावर उभी आहे.

तुझ्या एनर्जीच्या पद्धतीत काय सुटलं तेही सांगतो, कारण पद्धत चांगली होती. तू सगळ्यात खालची स्प्रिंगची एनर्जी घेतलीस, अर्धा के गुणिले ७ चा वर्ग, आणि ती सगळी वेगात घातलीस. पण वजन घरी पोचलं तेव्हाही स्प्रिंग ४ ताणलेलीच आहे, तिच्यात अर्धा के गुणिले १६ अजून शिल्लक आहे. ४९ मधून १६ गेले, ३३ राहिले. शिवाय वजन ३ सेंटीमीटर वर उचललं गेलं त्याचा खर्च ४ के गुणिले ३, म्हणजे १२ के, अर्ध्या केच्या मापात २४. ३३ मधून २४ गेले, उरले ९, आणि ९ म्हणजे ३ चा वर्ग! मला स्वतःला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता, दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आपण त्याच दारात उभे राहतो.

बाकी आकडेमोड सोपी. एम म्हणजे मास (वस्तुमान) आणि जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग. घरी एम गुणिले जी हे वजन ४ केएवढंच, म्हणून के भागिले एम हे जी भागिले ४ सेंटीमीटर एवढंच येतं, म्हणजे ९.८ भागिले ०.०४, २४५. त्याचं वर्गमूळ साधारण १५.६५, हा ओमेगा, म्हणजे कोनीय वेग. टाइम पिरियड टू पाय भागिले ओमेगा, ०.४० सेकंद. मॅक्सिमम वेग ०.०३ गुणिले १५.६५, म्हणजे ०.४७. आणि बघ, अर्धा किलो कुठे लागलाच नाही, स्प्रिंग किती ताणली एवढं कळलं की टाइम पिरियड मिळतो. परीक्षेत मास दिलेलाच नाही म्हणून मुलं गणित सोडून देतात, तसं करू नका.

जाता जाता, वजन घरापासून ४ पेक्षा जास्त ओढलं, समजा ५, तर वर गेल्यावर स्प्रिंग १ सेंटीमीटर दाबली जाईल, स्प्रिंगला त्याचं काही नाही. पण तिच्या जागी रबर असेल तर ते वर सैल पडेल, तेवढा वेळ वजनावर फक्त गुरुत्वाकर्षण राहील आणि ती सरल आवर्त गती उरणार नाही. गणितात रबर किंवा दोरा दिसला की हे आधी तपासा.

प्रश्न: मीन पोझिशनपासून अर्ध्या अँप्लिट्यूडपर्यंत जायला किती वेळ? मी टी बाय आठ (टी म्हणजे टाइम पिरियड) लिहिलं, कारण टोकापर्यंत टी बाय चार लागतो, तर अर्ध्यासाठी त्याचं अर्धं. चूक दिली. (नीटची तयारी करणारी विद्यार्थिनी, इंदूर)

टी बाय बारा. तू अंतर अर्धं म्हणून वेळही अर्धा केलास, वेग सगळीकडे सारखा असता तर ते बरोबर होतं. पण घराजवळ वेग सगळ्यात जास्त आणि टोकाला शून्य, म्हणजे पहिलं अर्धं अंतर पटकन जातं आणि दुसरं अर्धं रेंगाळत.

डोळ्यांपुढे जातं आण. इंदूरला तुमच्या घरी माळ्यावर कुठेतरी असेलच. आजी जातं ओढतेय, खुंटा एकसारख्या वेगाने गोल फिरतोय, आणि उन्हं कललेली असल्यामुळे दारातून आडवं ऊन आत आलंय, समोरच्या भिंतीवर त्या खुंट्याची सावली पडलीय. सावली गोल फिरत नाही, ती डावीकडून उजवीकडे आणि परत अशी जाते, मधे झपकन, टोकाला थांबल्यासारखी. हीच सरल आवर्त गती. खुंटा गोल फिरतोय आणि आपण फक्त त्याची सावली बघतोय.

आता तुझा प्रश्न असा विचार: सावली मधून अर्ध्या अंतरावर गेली तोवर खुंटा किती अंश फिरला? साइन ३० म्हणजे अर्धा, तर ३० अंश. अख्खा फेरा ३६० चा. ३० भागिले ३६०, बारावा भाग. मग अर्ध्यापासून टोकापर्यंत उरले ६० अंश, म्हणजे टी बाय सहा, अगदी दुप्पट वेळ. फेज, फेज म्हणून जे मुलांना भीती घालतं ते दुसरं काही नाही, खुंटा या क्षणी कुठल्या अंशावर आहे एवढंच. साइन घ्यायचा की कॉस, असंही तिघांनी विचारलंय, त्याचंही उत्तर हेच: घड्याळ चालू केलं तेव्हा वस्तू घरी असेल तर साइन, टोकाला असेल तर कॉस, आणि अधेमधे असेल तर साइनमध्ये सुरुवातीचा कोन घालायचा. वर्तुळ काढून खुंटा ठेवा, पाठांतर लागत नाही.

प्रश्न: मुलगा गुजराती मीडियमला आहे, क्लासमध्ये इंग्रजी शब्द, आणि घरी त्याचे आजोबा मराठीत समजावतात. तिघांचे शब्द वेगळे, मुलगा गोंधळतो. कुठले धरावे? (एक आई, कारेलीबाग)

ताई, बडोद्याच्या मराठी घरांत हे पूर्वीपासून चालत आलंय, माझ्या घरातही होतं. आजोबा दोलनकाल म्हणतात, शाळेत आवर्तकाळ, क्लासमध्ये टाइम पिरियड. आजोबांचा आयाम तो शाळेतला कंपविस्तार आणि क्लासमधला अँप्लिट्यूड. एका पानावर तिन्ही शेजारी शेजारी लिहून टेबलाच्या वर चिकटवा, दहाबारा शब्दच आहेत. पेपर ज्या भाषेत लिहायचाय ते शब्द हाताला वळू द्या, पण आजोबांना थांबवू नका हो. आजोबा आवर्त म्हणतात तेव्हा त्यात पुन्हा पुन्हा फिरून येणं ऐकू येतं, दोलन म्हटलं की डोलणं ऐकू येतं, आणि शब्दातच चित्र असलं की मुलाला ते उगाच पाठ करावं लागत नाही.

प्रश्न: आमच्याकडे जुना संखेड्याचा झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. त्यावर मी एकटा बसलो काय आणि नातवंडं धरून चौघं बसलो काय, झोक्याला वेळ तेवढाच लागतो. नातू म्हणतो मास कॅन्सल होतो. बरं. पण बागेतल्या झोपाळ्यावर तो उभा राहिला की झोका लवकर येतो आणि घरच्यावर उभा राहिला तर काहीच फरक नाही. असं का? (निवृत्त, दांडिया बाजार)

काका, तुमच्या पत्राने मला तीन संध्याकाळी कामाला लावलं, इतकं बारीक निरीक्षण पुस्तकं वाचून होत नाही.

मासचं नातू बरोबर सांगतोय. चौघं बसले की घराकडे खेचणारी ओढ चौपट होते, पण हलवायला झोपाळा जडही चौपट होतो, हिशोब तिथल्या तिथे मिटतो. उरतात फक्त लांबी आणि जी.

खरी मेख दुसऱ्या भागात आहे. तुम्ही एक करा, झोपाळ्यावर पाठ टेकून वर बघा आणि छताला कड्या मोजा. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे चार असतील, पाटाच्या चार कोपऱ्यांतून चार साखळ्या सरळ वर, एकमेकींना समांतर. अशा झोपाळ्याचा पाट झोका घेताना तिरका होत नाही, पुढे जातो, मागे येतो, थोडा वर उचलला जातो, पण राहतो आडवाच. पाटाच्या कडेशी नजर नेऊन बघा. पाट वळतच नाही म्हटल्यावर त्याच्यावरची प्रत्येक वस्तू, तुमचा गुडघा, नातवाचं डोकं, सगळं एकाच मापाच्या कमानीत फिरतं आणि ते माप म्हणजे साखळीची लांबी. नातू उभा राहिला तरी कमान तीच, म्हणून वेळ तोच. छतापासून पाटापर्यंत सव्वादोन मीटर असेल तर २.२५ भागिले ९.७९ (बडोद्याला जी साधारण एवढा भरतो), त्याचं वर्गमूळ ०.४८, गुणिले टू पाय, ३ सेकंद. अख्खा एक झोका, जाऊन परत, ३ सेकंदांत.

बागेतल्या झोपाळ्याला वर दोनच कड्या असतात, फळी आणि साखळ्या मिळून एकच तुकडा झाल्यासारखं सगळंच वळतं. तिथे लांबी मोजायची ती कडीपासून मुलाच्या शरीराच्या वजनाच्या मध्यापर्यंत, म्हणजे बसल्यावर पोटाच्या आसपास. उभं राहिलं की तो मध्य फळीपासून बराच वर जातो, लंबक आखूड होतो आणि झोका लवकर येतो. त्याच सव्वादोन मीटरच्या साखळीवर बसून २.८ सेकंद आणि उभं राहून अडीचच्या जवळपास, इतका फरक पडतो, तो नुसत्या डोळ्यांना कळतो.

म्हणून मुलांनो, गणितात लंबकाची लांबी असं आलं की आधी विचारा, कुठपासून कुठपर्यंत आणि तो वळतोय की नुसता सरकतोय. आमच्या लहानपणी वाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्यांवर पितळी पोपट आणि हत्ती होते, अख्खी दुपार त्यावर जायची, पण पाट कधी कलत नाही हे मी काही तेव्हा पाहिलं नव्हतं. साखळ्या जड असल्या तर त्यांचंही वजन हिशोबात येतं हे नंतर समजलं. माणसं आणि पाट मिळून ९० किलो आणि चारही पितळी साखळ्यांचे मिळून १२ किलो धरले तर झोका सुमारे १ टक्का लवकर येतो, कारण साखळ्यांचं वजन पाटापेक्षा वर, मधल्या उंचीवर आहे.

नातवाला हा प्रयोग करायला सांगा, पण मोजायचं कसं तेही सांगा. झोपाळा टोकाला गेला की घड्याळ दाबायचं ही सगळ्यांची सवय, आणि तीच चुकीची, टोकाला तो रेंगाळतो, नेमका कधी वळला ते कळतच नाही. पाटाच्या मधल्या जागी जमिनीवर खडूने रेघ मारा आणि पाट रेघेवरून जाताना मोजा, तिथे तो सगळ्यात वेगात असतो म्हणून क्षण नेमका सापडतो. पहिल्यांदा रेघ ओलांडताना शून्य म्हणायचं, एक नाही, आणि त्याच दिशेने जाताना पुढचे आकडे. वीस झोके मोजून वीसने भागा. झोका लहान ठेवा हं, ६० अंशांपर्यंत नेऊन सोडला तर सूत्रापेक्षा ७ टक्के जास्त वेळ लागतो, म्हणजे ३ सेकंदांचे ३.२ होतात, १० अंशांच्या आत असलं तर फरक पाव टक्काही नाही.

प्रश्न: वडिलांचं लंबकाचं घड्याळ दर उन्हाळ्यात मागं पडतं. घड्याळजी म्हणाले तेल सुकतं. तेवढंच कारण का? (ग्वाल्हेर)

तेलाचा वाटा असेलही, पण उन्हाळा आणि हिवाळा यांचा संबंध लंबकाच्या दांड्याशी आहे. दांडा पितळी असेल तर एक अंश तापमान वाढलं की तो लाखात सुमारे १.९ भाग लांब होतो. तुमच्याकडे थंडी आणि वैशाख यात घराच्या आतसुद्धा २५ अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे लाखात साधारण ४७ भाग. आवर्तकाल लांबीच्या वर्गमूळावर चालतो म्हणून त्यात फरक निम्मा, लाखात २४. ऐकायला काहीच वाटत नाही, पण एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, गुणून बघा, रोजचे २० सेकंद, महिन्याचे दहा मिनिटं. लोखंडी दांड्याला साधारण १३ सेकंद. लाकडी दांडा उष्णतेने फारच कमी वाढतो, जुन्या कारागिरांनी लाकूड उगाच वापरलं नव्हतं.

उपाय घरीच होतो. गोळ्याच्या खाली छोटी चाकी असते, ती फिरवून गोळा किंचित वर घ्या. जाऊन परत यायला १ सेकंद लागणारा लंबक साधारण २५ सेंटीमीटरचा असतो, त्याला २० सेकंद भरून काढायला गोळा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा वर हवा. चाकीचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर पाव फेरा पुरे. पाव फिरवा, दोन दिवस थांबा, मग बघा, घाईने दोनचार फेरे दिलेत की घड्याळ पळायलाच लागेल.

हे कोडं फार जुनं आहे बरं का. हायगेन्सने लंबकाचं घड्याळ केलं १६५६ साली, आणि १६७२ मध्ये रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला, तर पॅरिसला नीट चालणारं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. लंबक आखूड करावा लागला. तिथे जी कमी आहे, कारण पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे आणि फिरतेही आहे. एका लंबकाने पृथ्वीचा आकार दाखवला, यापेक्षा मोठं काय हवं.

प्रश्न: चालत्या गाडीत टांगलेल्या लंबकाचं गणित, गाडी वेग घेतेय, टाइम पिरियड काढा. सूत्र पाठ आहे पण कुठून आलं ते कळत नाही. (अकरावी, रावपुरा)

पुन्हा घर शोध. बडोद्याहून सुरतेला जाताना गाडी सुटली की खिडकीशेजारच्या हुकाला लावलेली पिशवी बघ, ती मागे कलते आणि गाडी वेग घेत असेपर्यंत तशीच तिरकी राहते. ते तिरकं राहणं हेच तिचं नवीन घर. आता तिला धक्का दिलास तर ती सरळ रेषेभोवती नाही, त्या तिरक्या रेषेभोवती हलेल. गाडीत बसलेल्याला खाली जी आणि मागे ए (गाडीच्या प्रवेगाएवढी) अशी दोन्ही ओढ जाणवते, दोन्ही काटकोनात, मिळून वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, आणि जीच्या जागी तेच घालायचं, बस. गाडीने दर सेकंदाला अर्धा मीटर वेग वाढवला तर पिशवी जेमतेम ३ अंश कलते आणि टाइम पिरियड हजारात एक भागानेसुद्धा कमी होत नाही. गाडीचा वेग एकसारखा झाला की पिशवी परत सरळ, घर जुन्या जागी, मग ती ताशी कितीही किलोमीटरने जाऊ दे. लिफ्टचं गणितही याच पद्धतीने कर, तिथे ओढ एकाच रेषेत आहेत म्हणून वर जाताना वेग घेत असेल तर नुसती बेरीज.